कागद पालथा घालणाऱ्या डॉक्टरीणबाई

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. सत्तावीस वर्षांच्या, मिशा असलेल्या, दारातून वाकून आत येणाऱ्या माझ्या नातवाला मी बाळंतपणाच्या दवाखान्यात घेऊन गेले. रीतसर नंबर लावला. आमच्या पुढं सातवा महिना, मागं नववा. मधे आमचा नातू, मांडीवर हेल्मेट घेऊन. मान इतकी खाली, की त्या हेल्मेटातच शिरतो की काय असं वाटावं.

शेजारच्या बाईनं विचारलं, "सून कुठी हाये, आजी?"

मी म्हटलं, "सून अजून यायची हाये. आधी यालेच दाखवतो."

ती बाई उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची एक सवय होती. रिसोडच्या आसपासच्या निम्म्या बायकांनी ती पाहिलेली आहे, तुमच्यातल्याही कुणी पाहिली असेल. तुम्ही रिपोर्ट पुढं केला की त्या तो वाचायच्या नाहीत. टेबलावर पालथा घालायच्या. तान्ह्या बाळांच्या मोडक्या तराजूचं एक लोखंडी वजन होतं, ते त्यावर ठेवायच्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "कागद मंग. आधी माणूस."

याचा लोकांना राग यायचा. एकदा एक गुरुजी बायकोची जाडजूड फाईल घेऊन आलेले मी पाहिलेत. बाईंनी फाईल पालथी घातली आणि त्यांच्या बायकोशीच बोलत बसल्या. गुरुजींना राहवेना. "मॅडम, त्यात सगळं लिहिलेलं आहे."

"यांले तीन महिन्यांपासून झोप नाही, हे लिहेल हाये का?"

गुरुजी बायकोकडे बघायला लागले. त्यांना ते त्या दिवशीच कळलं होतं.

आता तुम्ही विचाराल, नातवाला दुसरा डॉक्टर मिळाला नाही का? मिळाला असता. पण माझ्या लेखी डॉक्टर एकच. हा नातू जन्माला येताना उलटा होता, तो त्यांनीच सरळ करून बाहेर आणला. त्याचा बापही त्यांच्याच हातचा. आणि खरं सांगायचं तर त्या दवाखान्यात पुरुष घेऊन जाण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी मी नवऱ्यालाही तिथं नेलं होतं.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आणि माझ्याइतकं शहाणं पंचक्रोशीत कुणी नाही अशी माझी खात्री होती. लग्नाला तीन वर्षं झालेली, कूस रिकामी. हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्याकडे बघून आवाज कमी करायच्या. सासूबाई बोलायच्या नाहीत, पण गाय गाभण राहिली की मला ऐकू जाईल असं तिचं कौतुक करायच्या. त्या वर्षी शिरपूरला गेले होते, तर रस्त्याच्या कडेला एक जडीबुटीवाला राहुटी टाकून बसलेला. मागं पहिलवानाचं चित्र, पुढं मुळ्या. तो म्हणाला, दोष बाईत नसतोच, मालकाला एकवीस दिवस ही पूड चारा. दोष माझ्यात नाही, असं म्हणणारा तीन वर्षांतला तो पहिला माणूस. मी विरघळले. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पायाच्या बोटातली चांदीची एक मासोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. घरी सांगितलं, नाल्यात पाय धुताना पडली.

पूड डिंकाच्या लाडवात वळली. नवरा रोज सकाळी एक लाडू निमूट खायचा. मी मनात म्हणायची, किती भोळा हो हा माणूस! चौथ्या दिवशी त्याच्या पोटात जे सुरू झालं, ते दोन दिवस थांबेना. लोटा घेऊन जायचा, परत यायचा, लोटा खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. पुरुषांच्या डॉक्टरकडे न्यावं तर तो विचारणार, काय खाल्लं. म्हणून माझ्या अकलेनं ठरवलं, नवीनच आलेल्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं. बाईमाणूस आहे, समजून घेईल.

त्या तेव्हा पंचविशीच्या असतील. नाडी पाहिली, पोट दाबलं, आणि नवऱ्याला विचारलं, "काय खाल्लं?"

"काई नाही. घरचंच," नवरा म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यांनी मला बाहेर पाणी उकळायला पाठवलं, पाचेक मिनिटांनी स्वतःच मागं आल्या, आणि मी सगळं ओकले: राहुटी, पहिलवान, पूड, लाडू, मासोळीसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता दोघं या. पंधरा दिवसानं. दोघायलेही तपासतो."

मला ते फार लागलं. पुरुषाला कुणी तपासतं का? मी लाडू चारणं ठीक, पण बाईंनी तपासणं म्हणजे अपमान, असं माझं त्या वेळचं गणित होतं. नवरा मात्र गेला. बारीकसं काहीतरी दोघांतही निघालं, औषधं झाली, वर्षाच्या आत पाळणा हलला. त्या दिवसापासून बाई मला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. भर दवाखान्यात म्हणायच्या, "या, लाडूवाल्या!"

इतकी अद्दल घडल्यावर माणूस शहाणं होतं ना? ऐका.

मागच्या दिवाळीनंतर नातवाचं लग्न जमलं. मुलगी शिरपूरकडची, डोळ्यांत चमक असलेली. साखरपुड्याच्या दिवशी मुलीचे मामा शेतीवर भाषण देत होते आणि आमचा नवरदेव पाटावर बसल्या बसल्या झोपला. साधी डुलकी नाही, तोंड उघडं. फोटोत आहे. सगळे हसले, मी घरी येऊन हादरले. कारण मी दोन महिन्यांपासून पाहत होते. पोरगा थकलेला. जेवताना घास हातात तसाच. होणारी बायको फोन करायची, तर हा "हो, हो" म्हणता म्हणता गप्प. चिडचिड वेगळीच.

आमच्या गल्लीतला एक पोरगा रिसोडला जिम चालवतो. त्याचे दंड पाहिले की त्या पहिलवानाच्या चित्राची आठवण येते. तो म्हणाला, "आजी, याचं पुरुषाचं हार्मोन कमी असन. टेस्टोस्टेरॉन." तो शब्द पाठ करायला मला तीन दिवस लागले. त्यानं नातवाला लॅबमध्ये नेऊन रक्त द्यायला लावलं. रिपोर्ट आला, तर आकडा खालच्या रेघेच्याही खाली, आणि पुढं खाली तोंड केलेला बाण.

"दर पंधरा दिवसाले एक इंजेक्शन," जिमवाला म्हणाला. "लग्नापर्यंत पोरगा घोडा होते. फक्त डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे."

तो बाण पाहून माझी ती तीन वर्षं डोळ्यांपुढं आली. आवाज कमी करणाऱ्या बायका आल्या. उद्या याच्या बायकोपुढंही त्यांचा आवाज कमी होईल. मी नातवाच्या मागंच लागले. "घे बाबू. बैलाले लस नाही देत का आपण? एक सुई, काय होते!"

तो म्हणाला, "बरं."

"मनापासून म्हण."

"बरं म्हटलं ना, आजी."

आणि चिठ्ठी पाहिजे म्हणजे चिठ्ठी देणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या. अशा रीतीनं आम्ही सातव्या आणि नवव्या महिन्याच्या मधे जाऊन बसलो.

आत गेलो. मी रिपोर्ट पुढं केला, म्हटलं, "बाई, एवढी चिठ्ठी लिहून द्या, लगन जवळ आलं."

रिपोर्ट पालथा. वर वजन. चष्मा कपाळावर. "कागद मंग. आधी माणूस. काय होते रे तुले?"

"त्याले ना बाई—"

"मी याले विचारून राह्यली, लाडूवाल्या."

नातवानं माझ्याकडे बघितलं. "लाडूवाल्या?"

"काई नाही. तू सांग," मी म्हटलं.

मग त्यांनी जे विचारायला सुरुवात केली, ते ऐकून मला वाटलं पोलिसाची नोकरी चुकली यांची. दाढी किती दिवसांनी करतो? आवाज कधी फुटला? लहानपणी गालफुगी आली होती का? कुठं मार लागला, ऑपरेशन झालं? घोरतो का? जिममधली पावडर, गोळी, एखादी सुई आधीच घेऊन झाली का? दारू? नातू एकेक उत्तर देत होता. मग बाई मला म्हणाल्या, "आता तुमी बाहेर."

मी बाहेर गेले. म्हणजे पडद्याच्या बाहेर.

"पडद्याखालून चपला दिसून राह्यल्या, लाडूवाल्या. कान घेऊन बाकावर जाऊन बसा."

बसले. नवव्या महिन्याची बाई मला शेंगदाणे देत होती. आत काय विचारलं ते आजवर मला माहीत नाही, आणि नातवाला विचारलं तर तो उठून गोठ्यात जातो. नंतर त्यांनी त्याला समोरच्या सर्जनकडे पाठवलं, अंग तपासून घ्यायला. तिकडून निरोप आला, सगळं जागच्या जागी. तेव्हा कुठं मला पुन्हा आत घेतलं.

"रक्त कवा देल्लं होतं?" बाईंनी विचारलं.

"मंगळवारी," नातू म्हणाला. "चार वाजले असन. जेवण करून."

"आदल्या रात्री झोपला होता?"

"नाही. रातची लाईन होती, शेतातल्या मोटरची वीज रातीच येत होती. हरभऱ्यावर स्प्रिंकलर सुरू होतं. पाईप बदलवा लागते ना दर तीन तासाले."

"मंग सकाळी झोपला."

"सकाळी सोयाबीन घेऊन मार्केटले गेलो. तिकडूनच जिमात. जिमातून लॅबात."

"असं किती दिवसापासून?"

"हरभरा पेरला तवापासून. हप्ताभर रातची लाईन, हप्ताभर दिवसाची. पण दिवसाची आली तरी झोप लागत नाही, सवय मोडली."

बाईंनी वजन उचललं, रिपोर्ट सुलटा केला, एकदा बघितला. मग माझ्यापुढं धरला. "हे पोराचं रक्त नाही, लाडूवाल्या. हे लाईनीचं वेळापत्रक हाये."

मी म्हटलं, "पण बाण?"

"बाजारात वांगे सकाळी येते ना? चार वाजता जाऊन टोपली रिकामी दिसली, तर औंदा वांगे पिकलेच नाही म्हणसान का? हे हार्मोनही तसंच. झोप झाली का सकाळी भरून येते, दिवस चढला का उतरते. याची तं झोपही नाही अन् सकाळही नाही."

मी तरी हट्ट सोडला नाही. म्हटलं, "तरी एखादं इंजेक्शन देल्लं तर बिघडते काय? ताकदीचंच हाये."

तेव्हा त्यांनी माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलायला घेतलं. सावकाश, शेतकऱ्याच्या पोराला समजेल असं. "गावात रोज टँकर येऊन राह्यला, तर घरची मोटर कोणी चालवते का? बाहेरून हे हार्मोन सुरू झालं का शरीर आपली मोटर बंद करते. अन् त्याच मोटरवर बीज तयार होते. मंग लेकरू पाहिजे म्हणून टँकर बंद केला, तं मोटर सुरू व्हाले महिनेच्या महिने लागते. एखाद्याची होतही नाही. तुले लेकरं पाहिजे ना?"

नातू लाल झाला. "पाहिजे."

मी खुर्चीचा हात धरला. जिच्यासाठी इंजेक्शन मागायला आले होते, तीच गोष्ट मी इंजेक्शनानं घालवणार होते.

"म्हणजे वाईटच हाये हे औषध," मी म्हटलं.

"वाईट काहून असन? ज्याले लागते त्याले लागतेच. मागं एक पोरगा आला होता, वीस वर्षांचा, दाढीचा केस नाही, आवाज लेकरासारखा. सकाळी दोनदा रक्त केलं, दोन्ही वेळा कमी. अकोल्याले हार्मोनच्या डॉक्टरकडे धाडला. आता औषध घेते, ठणठणीत हाये. त्याले नाही म्हटलं असतं तं पाप झालं असतं. पण चार वाजताच्या एका कागदावर जन्माचं औषध मी नाही लिहत."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. "दिवसाची लाईन कवा हाये?"

"सोमवारपासून."

"त्याच्या पुढच्या हप्त्यात रात्री पाण्यावर कोण जाईन?"

मी म्हटलं, "याचा बाप जाईन."

"बापाले विचारलं?"

"सांगीन."

रक्त तपासण्याची तारीख लाईन बघून ठरवणारी दुसरी डॉक्टर तुम्ही पाहिली असेल तर मला कळवा. दोन तारखा लिहिल्या. रात्रभर झोपून, उपाशी पोटी, सकाळी दहाच्या आत. शिवाय थायरॉइड आणि रक्ताच्या आणखी दोन-चार तपासण्या.

आम्ही उठलो, तेवढ्यात बाईंनी नातवाला थांबवलं. "एक सांग. तुले सोताले पाहिजे होतं का हे इंजेक्शन?"

नातू हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. मग म्हणाला, "मले तं नुसती झोप पाहिजे होती. पण आजी लय घाबरली होती. म्हटलं घेऊन टाकू, तिचं मन राह्यते."

आणि बाई हसायला लागल्या. त्या हसणाऱ्यांतल्या नव्हत्या, तुम्हाला माहीत आहे. ओठाचा कोपरा हलला तर खूप. पण त्या दिवशी हसता हसता चष्मा कपाळावरून घसरून मांडीवर पडला, नर्स दारातून डोकावली. मला आधी लाज वाटली, मग राग आला. "हसाले काय झालं, बाई?"

"आजोबावर गेला पोट्टा," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सांगीन कधी. पुढचा नंबर पाठवा."

ते दोन आठवडे मी नातवाच्या झोपेची राखण केली. त्याचा मोबाईल माझ्या उशाखाली. गाडीची चावी तांदळाच्या डब्यात. शेजारचा कोंबडा पहाटे बोलायचा, त्याच्या मालकिणीशी माझं भांडण झालं. त्याचा बाप कुरकुरत पाण्यावर गेला आणि दोन दिवसांत जेवताना पेंगायला लागला. मी त्याला म्हटलं, "आता समजलं पोराले काय होत होतं?" तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या दोन शेतकऱ्यांना भेटून तिघांत पाळी ठरवून आला. एकानं तिघांच्याही पाईपांकडे बघायचं, दोघांनी झोपायचं. इतकी साधी गोष्ट, इतक्या वर्षांत कुणाला सुचली नव्हती.

दोन्ही रिपोर्ट घेऊन गेलो. कागद पालथे. "कसा हायेस?"

"बरा हाओ," नातू म्हणाला. "परवा तिच्याशी एक तास बोललो. झोप नाही आली."

मग कागद सुलटे झाले. दोन्ही वेळा आकडा रेघेच्या वर, बाण गायब. मी तरी म्हटलं, "जरा आणखी वर असता तं—"

"चिठ्ठी भेटत नाही, लाडूवाल्या," बाई म्हणाल्या. "घरी जा. पुन्हा थकवा आला तं कवाही यावं त्यानं. एकट्यानं."

लग्न झालं. एकाही फोटोत नवरदेवाचे डोळे मिटलेले नाहीत. पुढचं मला विचारू नका, नातसुनेला काही विचारायची बाईंनी मला सक्त मनाई केली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं, बाई दवाखाना बंद करून लेकीकडे अमरावतीला चालल्या. गुडघे साथ देत नव्हते. मी तुरीच्या शेंगा आणि डिंकाचे लाडू घेऊन भेटायला गेले. बाक कुणी तरी नेले होते. भिंतीवर कॅलेंडरपुरता चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. टेबलावर एकही कागद नव्हता, फक्त ते लोखंडी वजन. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं. आता ते माझ्या लोणच्याच्या बरणीवर असतं.

लाडवांचा डबा उघडून त्यांनी आधी वास घेतला. मी म्हटलं, "निस्ता डिंक हाये, बाई. काई मिसळलं नाही." त्यांनी एक लाडू अर्धा केला, अर्धा मला दिला. बराच वेळ आम्ही दोघी म्हाताऱ्या खात बसलो. मग मी विचारलं, "त्या दिवशी हसल्या कायले होत्या? जाताना तरी सांगा."

माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "तुमाले पाणी उकळाले पाठवलं होतं ना, तवा तुमचे मालक मले म्हणे, 'बाई, पहिलाच लाडू कडू लागला. पण तिच्या पायात एकच मासोळी दिसली, मंग थुकू कसा? आता सांगू नका तिले. म्हातारी झाली का सांगजा, हसन ते.'"